माझे येणे देवाने परस्पर कसे सोडले?

तासगावच्या बाजूच्या एका सुतार बंधूंनी आम्हाला एक प्रश्न पुसला आहे. प्रश्न दोन ओळींचा आहे, पण तो ऐकून मोठमोठ्या धर्मपंडितांच्या तोंडचे पाणी पळावे. एका कंत्राटदाराने या बंधूंकडून घरांच्या चौकटी, दारे, खिडक्या करून घेतल्या. लाकूड यांच्या पदरचे, बिजागऱ्या यांच्या पदरच्या, दोन पोरांची सहा महिन्यांची मेहनत यांच्या घरची. कामाचे दीड लाख रुपये कंत्राटदाराने आज देतो, उद्या देतो म्हणत बुडवले. पुढे तोच कंत्राटदार ख्रिस्ती प्रार्थनासभेला जाऊ लागला. त्याने बाप्तिस्मा घेतला. आता दर रविवारी तो उभा राहून साक्ष देतो की, मी मोठा पापी होतो, पण देवाने कृपा करून माझे सारे पाप पुसून टाकले. सुतार बंधू त्याच्या दारात गेले तेव्हा त्याने हात जोडून सांगितले, "तो जुना माणूस मेला. आता मी नवा आहे. देवाने मला क्षमा केली, तुम्हीही करा."

घरी परत येताना वाटेत एक पोथी वाचणारे शेजारी भेटले. त्यांनी सारी हकीकत ऐकून घेतली आणि मान हलवून म्हणाले, "मागच्या जन्मी तुम्ही त्याचे काही बुडवले असेल. या जन्मी फिटले. देवाघरी न्याय आहे."

सुतार बंधू विचारतात: "दीड लाख माझे. मी ते सोडले नाहीत. मग माझे येणे देवाने परस्पर कसे सोडले?"

वाचकहो, पाहा कशी गंमत आहे! एकाने देवाच्या कृपेचे नाव घेतले, दुसऱ्याने देवाच्या न्यायाचे. दोघांच्या बोलण्याचा निकाल मात्र एकच लागला. कंत्राटदाराचे पैसे वाचले आणि सुताराचे बुडाले! ज्या कृपेने आणि ज्या न्यायाने नेहमी धनवानाचेच पैसे वाचतात, ती कृपा आणि तो न्याय देवाघरचा की कोणा दलालाच्या दुकानातला, हे तपासून पाहणे जरूर आहे.

आम्ही पाद्री नव्हे आणि पुराणिकही नव्हे. आम्ही बाप्तिस्मा घेतलेला नाही. कोणी घ्यावा किंवा घेऊ नये असेही आम्ही सांगत नाही. परंतु कष्टकऱ्याच्या घामाचे पैसे दाबून वर देवाचे नाव सांगणारा मनुष्य कोणत्याही धर्माचा असो, त्याला जाब विचारणे हे आमचे काम आहे. म्हणून आम्ही ख्रिस्ती शास्त्र उघडले. ते काही कुलुपात ठेवलेले शास्त्र नाही. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षे केडगावास बसून, मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून, ते साध्या मराठीत उतरवले, ते एवढ्याचसाठी की, कमी शिकलेल्या बाईलाही ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्याची वेळ येऊ नये. त्यात आम्हाला जे सापडले ते रयतेपुढे ठेवतो. आणि आधीच सांगून टाकतो, कंत्राटदाराचा हा सोयीचा देव आम्हाला त्यात कोठेही आढळला नाही.

प्रथम शेजारीबुवांचा समाचार घेऊ, कारण त्यांचे दुकान जुने आहे. जो दुःखात आहे तो स्वतःच्या पापाने दुःखात आहे, हे त्यांचे सूत्र. हा प्रश्न येशूपुढेही आला होता. एक मनुष्य जन्मापासून आंधळा होता. शिष्यांनी विचारले, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? येशूने उत्तर दिले की, याचेही नाही आणि आईबापांचेही नाही. आणि एवढे बोलून तो थांबला नाही, त्या मनुष्याला त्याने दृष्टी दिली. दुसऱ्या वेळी एक बुरूज कोसळून अठरा माणसे मेली. ती इतरांहून अधिक पापी होती काय? येशूने साफ नाही म्हणून सांगितले. तोच येशू म्हणतो की, देव आपला पाऊस न्यायी माणसावर पाडतो तसा अन्यायी माणसावरही पाडतो.

आमच्या सातारकर शेतकऱ्याला हे दुसऱ्या कोणी शिकवायला नको. महाबळेश्वरास वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. त्याच जिल्ह्यात दहिवडी-म्हसवडकडे पाचशेच्या आसपास पडला तरी लोक समाधान मानतात. मग काय हो बुवा, माणदेशातली माणसे महाबळेश्वरकरांपेक्षा दहापट पापी झाली काय? जत आणि आटपाडीच्या बाया मैलोगणती घागरी वाहत होत्या, त्या कोणत्या जन्माचे फेडत होत्या? डोंगराने ढग अडवले, ही गोष्ट शाळेतले पोर सांगते. आणि धरणाचे पाणी कोणाच्या शेतात जावे हे तर माणसेच ठरवतात. माणसाने केलेल्या अन्यायाची जबाबदारी मागच्या जन्मावर ढकलली की या जन्मीचा चोर मोकळा सुटतो. ही मखलाशी शेकडो वर्षे चालली, कारण ती सांगणाऱ्याच्या पोटाला भाकर आणि ऐकणाऱ्याच्या तोंडाला कुलूप लावीत होती.

हे आंधळ्याचे उत्तर आमच्या मुलखात एकदा कृतीत उतरलेले लोकांनी पाहिले आहे. डॉक्टर विल्यम वानलेस हे १८८९ साली सांगलीस आले आणि १८९४ साली मिरजेस त्यांचे इस्पितळ उघडले. पुढे कुष्ठरोग्यांसाठी आणि क्षयरोग्यांसाठी सोय झाली. सांगली आणि मिरजेच्या मधल्या वस्तीला वानलेसवाडी हे नाव पडले. मिशनचा हेतू धर्मप्रसाराचा होता, हे आम्ही लपवीत नाही. परंतु ज्या कुष्ठरोग्याला गाव पापाचे फळ म्हणून वेशीबाहेर काढीत होते, त्याला येथे कोणी मागच्या जन्माचा हिशेब विचारला नाही. त्याची जखम धुतली. पाप कोणाचे हे शोधीत बसण्यापेक्षा जखम धुणे हा मोठा धर्म आहे, एवढे तरी शेजारीबुवांनी मान्य करावे.

आता कंत्राटदाराकडे वळू. त्याचे दुकान नवे असले तरी माल जुनाच आहे.

ख्रिस्ती लोक कृपा म्हणतात ती काय वस्तू आहे? कर्जाच्या उदाहरणाने ही गोष्ट आमच्या शेतकऱ्याला जितकी कळेल तितकी शहरातल्या विद्वानाला कळणार नाही. १८७५ साली पुणे जिल्ह्यात सुप्याच्या बाजारात शेतकरी उठले. त्यांनी सावकारांची खते, रोखे, हुकूमनामे बाहेर काढून जाळले. लोण आसपास पसरले. पुढे १८७९ साली सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला आणि तो ज्या चार जिल्ह्यांना लावला त्यात सातारा होता. आजच्या सांगली जिल्ह्यातले तासगाव, खानापूर, वाळवे तेव्हा साताऱ्यातच होते. त्या कायद्याने न्यायाधीशाला रोख्यावरच्या आकड्याच्या मागे जाऊन, मुळात दिले किती आणि उकळले किती, हे तपासण्याचा अधिकार मिळाला. म्हणजे रोखा म्हणजे काय, तो जाळणे म्हणजे काय आणि त्याच्या मागे जाऊन न्याय पाहणे म्हणजे काय, हे आमच्या पणजोबांना पाठ होते.

कलस्सैच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात पौल हेच उदाहरण घेतो. तो म्हणतो की, माणसाविरुद्ध असलेला रोखा देवाने रद्द केला आणि क्रुसावर खिळून टाकला. आता नीट लक्ष द्या. रोखा रद्द झाला की ऋणको सुटतो हे खरे. पण पैसे हवेत विरतात काय? नाही. शंभर रुपयांचा रोखा फाडला की ज्याने शंभर दिले त्याच्या पदराला शंभराची खोट येते. फुकट सुटका घेणाऱ्याला असते, देणाऱ्याला कधीच नसते. म्हणून ख्रिस्ती मताप्रमाणे देवाने हिशेबाकडे डोळेझाक केली नाही. हिशेब पुरता मांडला, बाकी काढली आणि ती खोट स्वतः सोसली. क्रूस म्हणजे ती सोसलेली खोट होय. यात न्याय बाजूला ठेवलेला नाही. न्यायाची किंमत धनकोने आपल्या पदराने भरली, हीच ती कृपा.

येथे कोणी विचारील की, चोर राहिला बाजूला आणि फाशी भलत्यालाच, हा कसला न्याय? प्रश्न रास्त आहे. पाटलाचा नवस आणि बकरे मात्र गरिबाच्या गोठ्यातले, असा प्रकार आमच्या गावांनी पुष्कळ पाहिला आहे. तसेच असते तर आम्हीही त्याला अन्यायच म्हटले असते. परंतु ख्रिस्ती लोकांचे म्हणणे असे की, क्रुसावर चढलेला हा दुसऱ्याच्या दावणीचा प्राणी नव्हता. ज्याचे येणे होते तोच धनको मनुष्यरूपाने तेथे होता. आपल्या येण्यावर आपण पाणी सोडावे, यात कोणावरही अन्याय होत नाही. हे मत तुम्ही माना अगर न माना. पण त्यातला न्याय पाहा. देवाने सोडले ते स्वतःचे येणे सोडले.

आणि येथेच कंत्राटदाराचे पाऊल घसरले! आपल्या मराठीत म्हण आहे, हलवायाच्या घरावर तुळशीपत्र. स्वतःची कवडी न खर्चता दुसऱ्याच्या घरावर तुळशीपत्र ठेवून दानशूर म्हणवून घ्यायचे. कंत्राटदाराने आपल्या देवाला असाच दानशूर बनवून ठेवले आहे. दीड लाख सुताराचे, तुळशीपत्र देवाचे आणि बंगला कंत्राटदाराचा! ज्या देवाने स्वतःच्या येण्यासाठी स्वतःचा जीव दिला असे तुम्ही सांगता, त्याच देवावर सुताराची मजुरी परस्पर वाटून टाकल्याचा आळ घेता? ही साक्ष नव्हे, ही देवाची बदनामी आहे.

शास्त्र काय म्हणते ते पाहा. मोशेच्या नियमात एक मेंढरू चोरून विकणाऱ्याने चार मेंढरे परत द्यावीत असे आहे. दुसऱ्या ठिकाणी आपला गुन्हा कबूल करणाऱ्याने मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा, ज्याचे नुकसान केले त्याला द्यावा असे आहे. ज्याचे नुकसान केले त्याला! देवळाच्या पेटीत नव्हे, मंडळीच्या थाळीत नव्हे. येशूने तर पुढे जाऊन सांगितले की, तू वेदीपाशी दान घेऊन आलास आणि भावाचे तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवले, तर दान तेथेच ठेव, आधी भावाकडे जा. देवाला दानाची घाई नाही, भावाच्या हक्काची आहे. आणि याकोबाच्या पत्रात धनवानांना बजावले आहे की, तुमच्या शेतात राबलेल्यांची जी मजुरी तुम्ही दाबून ठेवली ती आक्रोश करते आणि तो आक्रोश देवाच्या कानी गेला आहे. कंत्राटदारसाहेब, तुम्ही रविवारी मोठमोठ्याने गाता तेव्हा देवाच्या कानी तुमचे गाणे आधी पोहोचत असेल, की तुमच्या घराच्या चौकटींचा आक्रोश?

जक्कयाची गोष्ट तर जणू या खटल्यासाठीच लिहिली आहे. जक्कय हा यरीहोचा जकातदारांचा मुख्य. रयतेला पिळून श्रीमंत झालेला. येशू त्याच्याच घरी उतरला, त्याच्या घरी जेवला. गावाने नाके मुरडली. आमच्याकडे रोटीव्यवहारावरून जितका गहजब होतो तितकाच तेथे झाला. लक्षात घ्या, जक्कयाने एक पैसाही परत केला नव्हता तेव्हा येशू त्याच्या घरी गेला. आधी तू चांगला हो, मग येईन, असे म्हटले नाही. ही कृपा. परंतु कृपा घरात शिरल्याबरोबर जक्कय काय बोलला? माझी जुनी व्यक्ती मेली, असे बोलला काय? नाही! अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याचे लबाडीने घेतले त्याला चौपट देतो, असे उभे राहून बोलला. हे ऐकल्यावर येशूने म्हटले की, आज या घराला तारण मिळाले. कृपा पुढच्या दाराने आली आणि लुटीचा माल मागच्या दाराने परत गेला. ज्या घरातून लुटीचा माल हललाच नाही, त्या घरात कोण आले होते याची आम्हाला दाट शंका आहे.

राहिला "जुना माणूस मेला" हा मुद्दा. ठीक आहे, मेला. मग त्याचा बंगला, त्याची गाडी, त्याची बागायत कोणाला मिळाली? या नव्या माणसालाच ना? मग हा नवा माणूस जुन्याचा वारस ठरला. वारसाने इस्टेट घ्यायची आणि मयताचे देणे नाकारायचे, हा कायदा कोणत्या मुलखातला? मयताच्या इस्टेटीतून त्याचे देणे आधी फेडावे लागते, हे गावचा तलाठीसुद्धा सांगेल. जुना माणूस खरेच मेला असेल तर त्याचा सातबारा नव्याच्या नावाने कसा? क्षमा मागायला येण्याआधी तो कागद घेऊन या.

कंत्राटदार म्हणेल, येशूने सातदाच नव्हे, सत्तर वेळा सातदा क्षमा करायला सांगितले आहे. मग या सुताराचे मन एवढे कठीण का? ठीक, तीच गोष्ट पुरती ऐका. एका राजाच्या चाकराचे दहा हजार किक्कारांचे देणे होते. त्या काळच्या रोजाने हिशेब केला तर ही सुमारे सहा कोटी दिवसांची मजुरी होते. राजाला दया आली, त्याने सारे सोडले. तो चाकर बाहेर पडला तो शंभर दिवसांच्या मजुरीचे देणे असलेल्या सोबत्याच्या नरडीवर बसला. राजाला कळले तेव्हा माफी गेली आणि चाकर तुरुंगात गेला. आता सांगा, या गोष्टीतला कृतघ्न चाकर कोण? सुतार? सुताराने कोणाची नरडी धरली? तो आपल्या कामाचे दाम मागतो. आणि गोष्टीतल्या गरीब सोबत्याने देणे नाकारले नव्हते; वेळ द्या, फेडतो, असे तो म्हणत होता. सहा कोटी दिवसांची माफी देवाकडून मिळाली असे छातीठोक सांगून, गरिबाच्या सहा महिन्यांच्या मजुरीवर बसून राहिलेला मनुष्य कोण, हे आम्ही निराळे सांगायला नको.

क्षमा ही ज्याचे नुकसान झाले त्याच्या हातची वस्तू आहे. ती त्याने द्यावी. ती हिसकावून घेता येत नाही, आणि देवाचा शिक्का मारून वसूल तर मुळीच करता येत नाही. सुतार बंधूंना आम्ही सांगतो, मनात विष ठेवू नका. विषाने तुमचेच घर नासेल. पण मनातले वैर सोडणे निराळे आणि हक्क सोडणे निराळे. येशूने एका विधवेची गोष्ट सांगितली आहे. न्यायाधीश देवाला भीत नव्हता, माणसाची पर्वा करीत नव्हता. विधवेने खेटे घालून घालून त्याला इतके जेरीस आणले की त्याने शेवटी न्याय दिला. येशूने त्या विधवेला गप्प बसायला सांगितले नाही. तिचा कित्ता शिष्यांपुढे ठेवला. आणि खुद्द येशूला तरी काय मिळाले? देवळातल्या वरिष्ठांनी आरोप रचले, रोमी सुभेदाराने तो निर्दोष आहे हे जाणून हात धुतले आणि त्याला क्रुसावर दिले. ज्या धर्माच्या मुळाशीच कचेरीतला असा एक धडधडीत अन्याय आहे, त्या धर्माचे नाव सांगून गरिबाला अन्याय मुकाट सोस म्हणून सांगायला जीभ रेटते तरी कशी?

हा प्रश्न एका कंत्राटदाराचा असता तर आम्ही एवढी शाई खर्चली नसती. मंडळ्यांनाही आमचा सवाल आहे. तुमच्यात प्रभुभोजनाची भाकर सर्वांसाठी एकच असते. फार चांगले. पण लग्न जुळवताना पूर्वीची जात पाहणारे एकही ख्रिस्ती घर महाराष्ट्रात नाही, असे कोणी छातीवर हात ठेवून सांगेल काय? देवाने आपला सारा रोखा फाडला म्हणता, मग जातीचा रोखा पेटीत जपून कशाला ठेवला? आणि सरकारचा न्याय तरी कसा? १९५० सालच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ साली त्यात शीख आले, १९९० साली बौद्ध आले, ख्रिस्ती झालेला दलित मात्र बाहेरच राहिला. म्हणजे अपमान भोगायला जात आहे, हक्क मागायला जात नाही! मंडळीत समता नाही आणि कायद्यात दाद नाही, अशा दुहेरी कचाट्यात सापडलेल्या माणसाला नुसते कृपेचे प्रवचन ऐकवणे म्हणजे उपाशी माणसाला ढेकर ऐकवणे होय.

कोणी म्हणेल, मग कृपेला काही जागाच उरली नाही, सारा हिशेबच झाला. तसे नाही. कृपा न्यायाहून मोठी आहे, पण ती न्यायाच्या पुढे जाते, न्याय चुकवून जात नाही. तासगावच्या द्राक्षमळेवाल्यांना कळेल अशी एक गोष्ट येशूने सांगितली आहे. मळ्याच्या धन्याने सकाळी मजूर लावले, ठरला तो रोज कबूल केला. पुन्हा नऊला, बाराला, तीनला आणि दिवस मावळायला तास उरला असतानाही मजूर लावले. संध्याकाळी सगळ्यांना सारखाच रोज दिला. सकाळचे मजूर कुरकुरले. धन्याचे म्हणणे असे की, तुमचा ठरलेला रोज मी कापला नाही. शेवटच्याला माझ्या पदरचे दिले, तर तुमचे काय गेले? आमच्या नाक्यावर उन्हात दिवसभर कामाची वाट पाहत उभा राहणारा मजूर आळशी नसतो. त्याला कोणी बोलावलेले नसते. त्याच्याही घरी तितकीच तोंडे असतात, चुलीला तितकेच पीठ लागते. म्हणून पहिल्याला न्यायाने पुरता रोज मिळाला आणि शेवटच्याला कृपेने पोटापुरता. पहिल्याचा कापून शेवटच्याला दिला असता तर ती कृपा नव्हे, चोरी झाली असती. धन्याने आपल्या पदरचे घातले. क्रुसाच्या गोष्टीत जे तेच येथे.

अशी कृपा मातीवर उतरते काय? आमच्या जिल्ह्यात उतरलेली आहे. १९८०नंतरच्या दशकात खानापूर तालुक्यात येरळेवर तांदुळवाडी आणि बलवडीच्या लोकांनी स्वतः धरण बांधले आणि त्याला बळीराजाचे नाव दिले. त्या पाण्यात बिनजमिनीच्या कुटुंबांचाही वाटा धरला. ज्याला शेत त्याला पाणी, हा रूढ हिशेब सोडून, ज्याला तोंड त्याला पाणी, हा हिशेब मांडला. पुढे १९९३ पासून नागनाथअण्णा नायकवडींच्या पुढारीपणाखाली तेरा दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदा आटपाडीस भरू लागल्या, त्यांचीही मागणी समान वाटपाचीच. हे लोक बायबल उघडून बसले नव्हते. पण मळ्याच्या धन्याने दिवस मावळताना जे केले, तेच त्यांनी येरळेच्या काठी केले. आणि योगायोग पाहा, ज्या बळीचे नाव त्या धरणाला आहे, त्याच बळीच्या रांगेत जोतीराव फुल्यांनी १८७३ सालच्या 'गुलामगिरी'त येशूला नेऊन बसवले होते.

जोतीरावांचे मूळ घराणे कटगुणचे, सावित्रीबाईंचे माहेर नायगावचे. दोन्ही गावे साताऱ्याची. जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. तेथे जे खरे वाटले ते घेतले, बाप्तिस्मा घेतला नाही आणि निर्मिक व मनुष्य यांच्यामध्ये दलाल नको हे आयुष्यभर सांगितले. उलट ब्राह्मण कुळात जन्मलेल्या नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि १९१७ साली मिशनची नोकरी सोडून, साताऱ्यास येऊन 'देवाचा दरबार' उघडला. त्या दरबारात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोघेही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून बसू शकत होते. दोन वर्षांत, १९१९ साली, टिळक वारले. पण त्यांनी एक गोष्ट सातारकरांना दाखवून दिली. देवाच्या दरबारात शिरायला ना भटजीची चिठ्ठी लागते, ना गोऱ्या साहेबाची. एक बाप्तिस्मा न घेता, दुसरा घेऊन, दोघेही एकाच ठिकाणी पोहोचले. कृपेला दलाल नाही. आणि ज्या कृपेला दलाल नाही, तिची खोटी पावती फाडण्याचा अधिकार कंत्राटदारालाही नाही.

तेव्हा सुतार बंधू, तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे. तुमचे येणे देवाने सोडलेले नाही. तुमच्या सहीशिवाय ते सुटत नाही, आणि तुमची सही खोटी करणारा देव ख्रिस्ती शास्त्रात नाही. कामाची चिठ्ठी, मापे, साक्षीदार असतील ते जमवा आणि त्या विधवेसारखे खेटे घाला. पैसे आले म्हणजे मग वाटल्यास त्याला मनापासून क्षमा करा. त्या वेळी ती तुमची क्षमा असेल.

कंत्राटदारास एवढेच सांगणे की, देवाने तुम्हाला खरेच घरात घेतले असेल तर जक्कयाइतके चौपट नको, पाचवा हिस्साही वर नको. मुद्दल तरी द्या.

आणि त्या प्रार्थनासभेतील भावाबहिणींना आमची नम्र विनंती आहे. तुमच्यात पुष्कळ प्रामाणिक, राबून खाणारी माणसे आहेत हे आम्ही जाणतो. पुढच्या रविवारी हे गृहस्थ साक्ष द्यायला उभे राहिले की, त्यांचे बोलणे सुरू होण्याआधी कोणीतरी उठावे आणि प्रेमाने म्हणावे: भाऊ, साक्ष मागाहून ऐकू. आधी सुताराची पावती दाखवा.